अ‍ॅलस्डर ग्रे: आधी चित्रकार की आधी कादंबरीकार? आणि वाचायला सुरुवात कुठून करावी?

शाईचा_डाग

'पुअर थिंग्ज' सिनेमा पाहिला तेव्हा मूळ पुस्तक कुणाचं, इकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. मागच्या महिन्यात मैत्रिणीकडे ते पुस्तक दिसलं, सहज चाळायला घेतलं आणि रात्री दोनपर्यंत तिच्याच सोफ्यावर बसून राहिले. १९९२ सालची कादंबरी. लेखक अ‍ॅलस्डर ग्रे, ग्लासगोचा.

पहिला धक्का असा, की यातली चित्रं लेखकानेच काढली आहेत. मुखपृष्ठ त्याचं, पानांची मांडणी त्याची. प्रस्तावनेत तो म्हणतो, मी फक्त संपादक आहे, एका व्हिक्टोरियन डॉक्टरची जुनी आठवणवही सापडली ती छापतोय. मग ती वही. ती संपल्यावर त्या डॉक्टरच्या बायकोचं, म्हणजे बेलाचं, पत्र येतं: माझ्या नवऱ्याने लिहिलेलं हे सगळं खोटं आहे, मी कुणी बाळाचा मेंदू बसवलेली बाई नव्हते. आणि शेवटी संपादकाच्या टिपा, ज्यात तो नवऱ्याचीच बाजू घेतो. सिनेमात हे पत्र नाही. म्हणजे बेलाने स्वतःबद्दल सांगितलेली गोष्टच नाही. मला त्याचा फार राग आला.

दुसरं म्हणजे ग्लासगो. पुस्तकात पार्क सर्कस आहे, क्लाइड नदी आहे, तिथल्या दवाखान्यांतले डॉक्टर आहेत. सिनेमात लंडन.

तर प्रश्न दोन. या माणसाचं पुढे काय वाचू? आणि हा चित्रं काढणारा लेखक, की लिहिणारा चित्रकार?

अर्धविराम

वाचतोय. सिनेमाच पाहिलाय, तोही पत्र नसलेला. :)

क्लाइडकाठ

धाग्याबद्दल मनापासून आभार. मी अकरा वर्षं ग्लासगोत राहतो आणि ग्रे या शहरात जागोजागी भेटतो. पुस्तकाच्या दुकानात कमी, भिंतींवर जास्त.

आमच्या भुयारी रेल्वेचा एकच गोल मार्ग आहे, १५ स्थानकं. त्यातल्या हिलहेडला उतरलात की समोर टाइल्सचं मोठं भित्तिचित्र दिसतं, २०१२ मधलं. त्या भागाचं उंचावरून पाहिल्यासारखं चित्र, आणि तऱ्हेतऱ्हेची माणसं. एक छोटी कविताही आहे. पोटासाठी रोजची ये-जा करताना लहानपणी जे मोकळं आणि आशेचं वाटायचं ते हरवू देऊ नका, असा तिचा आशय. सकाळी आठच्या गर्दीत, पावसाने भिजलेल्या कोटात ते वाचणं काय असतं हे रोज जाणाऱ्यालाच कळेल.

तिथून बायर्स रोडने वर चालत गेलात की कोपऱ्यावर ओरान मोर. पूर्वीचं चर्च, आता तिथे नाटकं, मैफली, खाणंपिणं चालतं. वरच्या सभागृहाचं छत ग्रेने रंगवलंय. गडद निळं आकाश, तारे, राशी. तिथे एका लग्नाला गेलो होतो, जेवणाच्या ताटाकडे लक्षच नव्हतं.

अ‍ॅश्टन लेनमधल्या 'युबिक्विटस चिप' या हॉटेलातही त्याची भित्तिचित्रं आहेत. ती त्याने जेवणाच्या बदल्यात काढली.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर: आधी चित्रकार. शिक्षण ग्लासगो स्कूल ऑफ आर्टमधलं, १९५२ ते ५७, विषय भित्तिचित्र.

घाटवाटा

विरोधी सूर लावतो. मी त्याची 'लॅनर्क' ही कादंबरी अर्धी वाचून ठेवून दिली. पुस्तकाची सुरुवात 'तिसरा भाग' अशी होते, मग पहिला, मग दुसरा, मग चौथा. मध्येच उपसंहार. त्यात लेखक स्वतः येऊन आपल्या नायकाशी गप्पा मारतो. मला हे सगळं 'बघा मी किती हुशार' असं वाटलं. गोष्ट सांगायची तर सरळ सांगावी.

निळी_खिडकी

@घाटवाटा, कुठे सोडलीत? तिसऱ्या भागात सोडली असेल तर तुम्ही खरी कादंबरी वाचलेलीच नाही.

क्रम उलटा का, ते सांगते. तिसऱ्या भागात एक माणूस अनथँक नावाच्या शहरात आहे. तिथे ऊन पडत नाही, त्याला स्वतःचं नाव आठवत नाही, लॅनर्क हे नाव त्याने एका चित्राखाली वाचून घेतलंय. लोकांच्या अंगावर कातडीऐवजी खवले चढतात. हे काय चाललंय ते आपल्यालाही कळत नाही आणि त्यालाही. मग पहिला भाग सुरू होतो, तर तो चक्क युद्धकाळातल्या ग्लासगोतला डंकन थॉ नावाचा मुलगा. दमा, इसब, कामगार वस्ती, आईचं आजारपण, आर्ट स्कूल. अगदी सरळ, दुखरी, वास्तववादी कादंबरी. आणि हळूहळू लक्षात येतं की ते अंधारं शहर हे याच शहराचं पुढचं रूप आहे, आणि ते खवले म्हणजे थॉचं इसब. तिसरा भाग आधी वाचलेला असल्यामुळेच थॉच्या साध्यासुध्या बालपणावर ती सावली पडते. सरळ क्रमाने वाचलं असतं तर ती पडली नसती. ही हुशारी मिरवणं नाही.

मी ती बाळंतपणाच्या रजेत वाचली, बाळ झोपलं की वीस-वीस पानं. थॉच्या आईच्या मृत्यूचं प्रकरण वाचून पुस्तक दोन दिवस कपाटात ठेवलं होतं. ग्रेची स्वतःची आईही १९५२ मध्ये गेली, त्याच वर्षी तो आर्ट स्कूलला लागला.

घाटवाटा

तिसऱ्यातच सोडली होती. खवल्यांपर्यंत पोहोचलो होतो.

कंपॉझिटर_काका

मी इंग्रजी कादंबऱ्या फार वाचलेल्या नाहीत, पण या माणसाची पुस्तकं माझ्याकडे चार आहेत. मी पुण्यात तीस वर्षं छापखान्यात काढली. खिळे जुळवण्यापासून सुरुवात केली, नंतर संगणक आला. मुलगी तिकडे शिकायला होती, तिने 'हे तुमच्यासाठी' म्हणून '१९८२, जनीन' आणून दिलं. मजकूर मला निम्मा कळला असेल, पण त्यातलं एक प्रकरण उघडलं आणि मी खुर्चीत ताठ बसलो.

एक माणूस हॉटेलच्या खोलीत एकटा पितोय, त्याने गोळ्या घेतल्यात, आणि डोक्यात एकाच वेळी अनेक आवाज बोलताहेत. ग्रेने ते आवाज पानावर वेगवेगळे लावलेत. एक सरळ, एक आडवा, एक पानाच्या कडेने वर चढणारा, एक अगदी बारीक टायपात. बारीक टायपातला आवाज देवाचा आहे असं मुलीने सांगितलं. आमच्या काळी असं पान कुणी आणून दिलं असतं तर फोरमनने त्याला दारातूनच परत पाठवलं असतं. गॅलीवर असं पान बांधायचं म्हणजे एकेका ओळीला आधार द्यायला किती पट्ट्या आणि ठोकळे लागले असते, याचा मी खरोखर कागदावर हिशेब मांडला.

आणि एक गंमत. त्याच्या 'अनलाइकली स्टोरीज, मोस्टली' या कथासंग्रहात (१९८३) एक शुद्धिपत्राची चिठ्ठी आहे. आम्ही अशा चिठ्ठ्या हजारोंनी पुस्तकांत घातल्यात, प्रत्येक वेळी मान खाली घालून. ग्रेच्या चिठ्ठीवर लिहिलंय: ही चिठ्ठी चुकून घातली गेली आहे. मी इतका हसलो की बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली.

अर्धविराम

काका, या चिठ्ठीसाठी तुम्हाला साष्टांग नमस्कार.

शाईचा_डाग

काका, किती सुंदर प्रतिसाद! 'पुअर थिंग्ज'मध्येही एक आहे: अमुक पानावरचं चित्र या डॉक्टरांचं नसून त्या उमरावाचं आहे, असं शुद्धिपत्र. मी भाबडेपणाने ते खरं धरून चित्र पुन्हा बघून आले. चित्रंसुद्धा पुस्तकात विल्यम स्ट्रँग या खऱ्या स्कॉटिश चित्रकाराच्या नावावर खपवली आहेत, काढली आहेत ग्रेनेच.

आणि बेला इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाला भिकारी पाहते, त्यानंतरची पत्राची पानं! तिथे छापील अक्षर बंदच होतं. नुसतं फरफटलेलं, रडवेलं हस्ताक्षर. वाचता येत नाही आणि सगळं कळतं.

निळी_खिडकी

'जनीन'बद्दल मात्र मला बोलायचंय, कारण कुणी काकांचं वाचून थेट तेच उचललं तर दचकेल. त्यातला जॉक मॅकलीश हा सुरक्षायंत्रणा बसवणाऱ्या कंपनीतला माणूस, घटस्फोटित, दारूडा, हुजूर पक्षाचा मतदार. रात्रभर तो बायकांबद्दलच्या अतिशय हिंसक कल्पना रंगवत असतो. पहिली शंभर पानं मला सहन झाली नाहीत. तो त्या कल्पनांमागे काय लपवतोय हे पुढे उलगडतं, हे मला माहीत आहे. पण त्यासाठी वाचणाऱ्या बाईकडून केवढी किंमत घेतली जाते, याचा विचार लेखकाने पुरेसा केलाय असं मला वाटत नाही.

गोधडी

मी हे पुस्तक दोनदा वाचलंय आणि तुमचा आक्षेप मला मान्य आहे, तरी ते मला त्याचं सर्वांत मोठं पुस्तक वाटतं. खुद्द ग्रेलाही ते आपलं सर्वोत्तम वाटायचं. जॉक त्या कल्पनेतल्या बायकांना जसं वापरतो, तसंच त्याला त्याची नोकरी आणि त्याचा देश वापरतोय. ही गोष्ट तो अखेर स्वतःच्या तोंडाने कबूल करतो, तेव्हा मला भरून आलं होतं. पण पहिलं पुस्तक म्हणून कुणाला देणार नाही. त्याबाबत तुमच्याशी पूर्ण सहमत.

आता जरा विषयांतर. हा धागा वाचताना मला सारखे अरुण कोलटकर आठवताहेत. जे. जे.मध्ये शिकलेले, जाहिरातक्षेत्रातले नावाजलेले चित्रकार आणि मराठी-इंग्रजी दोन्हींतले कवी. 'लॅनर्क'मध्ये थॉ आपल्या मित्राला जे सांगतो, ते अनेकांना पाठ असतं. थोडक्यात असं, की फ्लॉरेन्स, पॅरिस, लंडन या शहरांत पहिल्यांदा जाणाराही परका नसतो, कारण चित्रांत, पुस्तकांत, सिनेमात तो तिथे आधीच राहून आलेला असतो. पण ज्या शहराला एकाही कलावंताने हात लावलेला नाही, तिथे राहणारे लोकसुद्धा कल्पनेने तिथे राहत नाहीत.

काळा घोड्याच्या त्या तिकाटण्यावरून मी कॉलेजात असताना रोज जायचो. कोलटकरांच्या कविता वाचल्यावर तिथला कचरा, कुत्री, इडल्या विकणारी बाई, हे सगळं मला पहिल्यांदा दिसलं. ग्रे ग्लासगोबद्दल काय म्हणतोय ते मला तिथे कळलं.

घाटवाटा

@गोधडी, हे विषयांतर नाही, मला तरी पहिल्यांदा मुद्दा समजला. पण मग एक प्रश्न. तो म्हणतो कुणी हात लावला नाही, म्हणजे ग्लासगोवर आधी कुणी लिहिलंच नव्हतं?

क्लाइडकाठ

लिहिलं होतं. थॉचं बोलणं एका तरुण, चिडलेल्या विद्यार्थ्याचं आहे, ते शब्दशः घेऊ नये. पण 'लॅनर्क' १९८१ च्या फेब्रुवारीत आली तेव्हा इथे काय झालं असेल याचा अंदाज बांधायचा तर त्या शहराची तेव्हाची अवस्था बघायला हवी. जहाजबांधणी संपत आलेली, जुन्या चाळवजा इमारती पाडून लोक शहराबाहेर हलवलेले, मध्यवस्तीतून मोटारींचा महामार्ग नेलेला. ज्या रस्त्यांवर तो वाढला ते त्याच्या डोळ्यांदेखत नाहीसे होत होते. त्याचं 'काउकॅडन्स स्ट्रीटस्केप इन द फिफ्टीज' हे १९६४ मधलं मोठं चित्र बघा. रस्ता एकाच वेळी अनेक बाजूंनी पाहिल्यासारखा वाकलेला आहे, वर करडं आकाश. ते चित्र बघितल्यावर अनथँक कुठून आलं हे विचारावं लागत नाही.

१९७७ मध्ये पीपल्स पॅलेस या संग्रहालयाने त्याला शहराचा नोंदकर्ता चित्रकार म्हणून नेमलं. बेरोजगारांना काम देण्याच्या सरकारी योजनेतले पैसे होते. कल्पना संग्रहालयाच्या एल्स्पेथ किंग यांची. त्याने रस्ते काढले, दुकानं काढली, कामावरची माणसं काढली, लेखक, राजकारणी काढले. आजही ती चित्रं बघायला मिळतात. काळ्या ठसठशीत रेषा, आणि बऱ्याचदा मूळचा तपकिरी कागद तसाच सोडलेला. चेहऱ्याला कागदाचाच रंग.

आणि एक हळहळ. विशीत असताना त्याने ब्रिजटनमधल्या चर्चमध्ये सृष्टीच्या निर्मितीचं भलंमोठं भित्तिचित्र केलं होतं. चर्च पुढे पाडलं गेलं, चित्रही गेलं. 'लॅनर्क'मधला थॉ चर्चमध्ये हेच चित्र रंगवतो आणि त्यातच कोसळतो. भिंत गेली, पण ते काम पुस्तकात राहिलं. म्हणून मघाशी 'आधी चित्रकार' म्हणालो ते मागे घेतो.

पहाटगाणी

मी भाषांतर करते, म्हणून या धाग्यावर जरा स्वार्थाने आले.

सुरुवात कुठून, याचं माझं उत्तर: 'फाइव्ह लेटर्स फ्रॉम अ‍ॅन ईस्टर्न एम्पायर'. काकांच्या त्या चिठ्ठीवाल्या संग्रहातली दीर्घकथा. एका काल्पनिक साम्राज्यात बोहू नावाच्या राजकवीला लहानपणापासून एकाच कवितेसाठी वाढवलेलं आहे. हुकूम कधी येईल याची तो वाट बघतोय. हुकूम येतो तो असा, की सम्राटाने जुनी राजधानी तिथल्या माणसांसकट नष्ट केली, त्यावर लिही. त्याचे आईवडील तिथेच होते. तो सम्राटाच्या अन्यायावर कविता लिहितो. शेवटच्या पत्रात साहित्याचा प्रमुख आपला अभिप्राय देतो: कविता उत्तम आहे, फक्त शीर्षकातल्या शेवटच्या शब्दाचा पहिला उच्चार काढून टाका.

मूळ इंग्रजीत ते 'इनजस्टिस'चं 'जस्टिस' होतं. मराठीत बघा: 'अन्याय' मधला 'अ' पुसला की झालं. मी हे वहीत लिहून पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला. इतकी सहज बसणारी जागा भाषांतरात फार क्वचित सापडते.

गोधडी

पहाटगाणी, पूर्ण करा हे भाषांतर. हक्कांचं बघा आणि कराच.

अर्धविराम

+१. एकच अक्षर, आणि सगळा दरबार उघडा.

कंपॉझिटर_काका

मुद्रितशोधकाच्या एका खुणेचं काम. त्या खुणेत एवढी ताकद असते हे मी तीस वर्षं पाहिलंय. भाषांतर झालं तर मांडणीला मदत करीन, पैसे नकोत.

रानभूल

राजकारणाचा मुद्दा कुणी काढला नाही. स्कॉटलंडच्या संसदेच्या भिंतीवर ग्रेचं वाक्य कोरलेलं आहे ना? एका चांगल्या राष्ट्राच्या सुरुवातीच्या दिवसांत जगत असल्यासारखं काम करा, अशा अर्थाचं?

क्लाइडकाठ

हो, एडिंबरोला, कॅननगेटच्या बाजूच्या भिंतीवर. पण ते पूर्णपणे त्याचं नाही आणि तो ते सांगतही असे. डेनिस ली या कॅनेडियन कवीच्या ओळीवरून त्याने ते घडवलं. 'लॅनर्क'च्या उपसंहारात समासात एक आख्खी सूचीच आहे, मी कुणाकुणाकडून काय काय उचललं त्याची. त्यात पुस्तकात नसलेल्या प्रकरणांचेही उल्लेख आहेत. म्हणजे कबुलीतही गोष्ट रचणं चालूच!

स्वातंत्र्याचा तो उघड पुरस्कर्ता होता, १९९२ मध्ये 'व्हाय स्कॉट्स शुड रूल स्कॉटलंड' हे पुस्तक काढलं. 'पुअर थिंग्ज'मधल्या बेलाच्या चित्राखाली 'बेला कॅलेडोनिया' असं लिहिलंय, कॅलेडोनिया म्हणजे स्कॉटलंडच. त्यामुळे @शाईचा_डाग, ग्लासगो काढून लंडन घातल्यावर काय निसटतं हा तुमचा मुद्दा रास्त आहे. जिचं मन दुसऱ्यांनी बसवलंय आणि जिची गोष्ट दुसरेच सांगताहेत अशी ती बाई म्हणजे एक देशही आहे.

दिग्दर्शक लँथिमोस त्याला येऊन भेटला होता, ग्रेने त्याला कादंबरीतल्या जागा पायी फिरून दाखवल्या होत्या. सिनेमा पूर्ण झालेला बघायला तो राहिला नाही. २८ डिसेंबर २०१९ ला पंचाऐंशी पूर्ण झाली, दुसऱ्या दिवशी गेला.

रानभूल

पायी फिरून दाखवल्यावरही लंडन? आता मलाही राग आला.

घाटवाटा

मला नाही आला. सिनेमा ही वेगळी गोष्ट आहे आणि त्या दिग्दर्शकाने स्कॉटिश नसताना स्कॉटलंडबद्दल बोलायचा आव आणला नाही हे मला प्रामाणिक वाटतं. पण पत्र काढून टाकलं ते चूक, हे शंभर टक्के मान्य.

निळी_खिडकी

एक व्यावहारिक सूचना राहिली. याची पुस्तकं ई-आवृत्तीत घेऊ नका. मी 'जनीन' तशीच वाचली, आणि काकांनी वर्णन केलेलं ते प्रकरण माझ्याकडे नुसतं विस्कटलेलं होतं. मला वाटलं फाइलच बिघडली. कदाचित माझं त्या पुस्तकाशी न जमण्यात त्याचाही हात असेल. कागदावरचं वाचून बघीन एकदा. नुसतं ते प्रकरण.

आणि त्याची चित्रं बघायची तर 'अ लाइफ इन पिक्चर्स' (२०१०). आत्मचरित्रच, पण चित्रांच्या बाजूने सांगितलेलं. ग्रंथालयात मिळालं तर तिथेच टेबलावर पसरून बघा, वजनदार आहे.

पहाटगाणी

शेवटच्या वर्षांत त्याने दान्तेची 'डिव्हाइन कॉमेडी' स्वतःच्या इंग्रजीत आणली, हेही नोंदवते. २०१५ मध्ये पडून मणक्याला दुखापत झाली, त्यानंतर चाकाच्या खुर्चीत. 'हेल' २०१८ ला, 'पर्गेटरी' २०१९ ला, 'पॅरडाइस' त्याच्या मागे २०२० ला. नरकातून वर चढत जाणारं काम त्या अवस्थेत पूर्ण केलं.

शाईचा_डाग

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. पहाटगाणींची कथा काल रात्री वाचली, अजून बोलता येत नाहीये त्याबद्दल. 'लॅनर्क' आज घरी आली, कागदी. हे लिहितेय तेव्हा मांडीवर आहे. तिसऱ्या भागापासूनच सुरू करतेय, आणि खवले आले तरी थांबणार नाही, @घाटवाटा. तुम्हीही पुन्हा उघडा, बरोबर वाचू. चौथ्या भागाचं मुखचित्र आत्ताच बघितलं, हॉब्ज या इंग्रज तत्त्वज्ञाच्या 'लेव्हायथन' ग्रंथाच्या मुखचित्रावरून केलेलं. माणसांनी बनलेला राजा आणि त्याच्या पायाशी स्कॉटलंड. माझा दुसरा प्रश्न मागे घेते, हे चित्र बघितल्यावर तो विचारावासा वाटत नाही.

घाटवाटा

उघडतो. माझी खूण अजून तिथेच आहे, २०१६ चं एसटीचं तिकीट.

कंपॉझिटर_काका

दोघांनाही एक सांगून ठेवतो. मुलीने मला आधी सांगितलं नव्हतं. त्यात उपसंहार शेवटी नाही, त्याच्यानंतर अजून चार प्रकरणं आहेत. बांधणीत फर्मा (पानांचा दुमडलेला गठ्ठा) उलटसुलट लागला असं समजून दुकानात परत करायला जाऊ नका. मी निघालो होतो.